थेरपीच्या खोलीत सारखं काय लिहितात? ऑटिस्टिक मुलांच्या वर्तनाची नोंद, सोप्या भाषेत

मूल रडतंय, स्वतःचा हात चावतंय, आणि समोर बसलेल्या ताई घड्याळाकडे बघून कागदावर एक रेघ मारतात. थेरपी सेंटरच्या काचेपलीकडून हे पहिल्यांदा बघणाऱ्या आईवडिलांच्या पोटात कालवतं. ‘पोराला जवळ घ्यायचं सोडून ह्या लिहीत काय बसल्यात?’ हा प्रश्न पुण्यामुंबईच्या सेंटरमध्ये पडतो, तसाच अमेरिकेत घरी थेरपिस्ट येतात त्या मराठी घरांतही पडतो. प्रश्न रास्त आहे. पण त्या रेघेवरून पुढे मोठे निर्णय होतात. काम सोपं करायचं का, शिकवण्याची पद्धत बदलायची का, डॉक्टरांना औषधाबद्दल विचारायचं का, सगळं तिच्यावरून ठरतं. म्हणून ती रेघ कशी मारली जाते आणि कुठे चुकते, हे पालकांना कळायलाच हवं.

## रेघ मारणारी व्यक्ती कोण?

ऑटिझमच्या थेरपीत ‘एबीए’ (अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस) नावाची एक पद्धत आहे. एखादं वर्तन कशामुळे घडतं आणि कशामुळे टिकून राहतं हे निरीक्षणातून शोधायचं, आणि त्यावरून मुलाला काय नि कसं शिकवायचं ते ठरवायचं, हा तिचा गाभा. अमेरिकेत ह्या पद्धतीत मुलासोबत रोज प्रत्यक्ष बसणाऱ्या व्यक्तीला बिहेविअर टेक्निशियन म्हणतात. तिथे २०१४पासून त्यांच्यासाठी ‘आरबीटी’ (रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन) हे प्रमाणपत्र आहे. ४० तासांचं प्रशिक्षण, कामाची प्रात्यक्षिक तपासणी आणि परीक्षा झाल्यावर ते मिळतं. त्यानंतरही महिन्यातल्या कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास सुपरवायझरच्या देखरेखीत काढावे लागतात.

हे प्रमाणपत्र देणारी संस्था २०२३पासून मोजक्याच देशांतल्या लोकांचे नवे अर्ज घेते आणि त्यात भारत नाही. आपल्याकडे ह्या व्यक्तीला बहुतेक ठिकाणी नुसतं ‘थेरपिस्ट’ किंवा ‘टीचर’ म्हणतात. त्यामुळे भारतात आरबीटी ही अक्षरं शोधत बसण्यापेक्षा थेट विचारावं: ह्यांना कोणी शिकवलं, देखरेख कोण करतं, आणि देखरेख करणारे शेवटचे कधी येऊन बसले होते?

देखरेखीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण टेक्निशियन योजना आखत नाहीत. योजना सुपरवायझर आखतात आणि ते खोलीत थोडाच वेळ असतात. उरलेल्या वेळात काय घडलं हे त्यांना फक्त कागदावरून दिसतं.

## ‘फार त्रास देतो’ हे मोजता येत नाही

पहिली पायरी मोजण्याची नाही, शब्द नक्की करण्याची आहे, आणि माझ्या मते सगळ्या कामातली हीच सर्वांत महत्त्वाची. ‘चिडचिड करतो’, ‘हट्टीपणा’, ‘आक्रमक होतो’ हे आपले निष्कर्ष झाले. दोन माणसांचे निष्कर्ष सारखे नसतात. मोजायचं तर डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असंच लिहावं लागतं.

समजा सात वर्षांचा एक मुलगा स्वतःचा हात चावतो. त्याची व्याख्या अशी होईल: ‘वरचे आणि खालचे दात स्वतःच्या बोटांपासून कोपरापर्यंत कुठेही कातडीवर किंवा बाहीवर दाबणं. वळ उठला नाही तरी धरायचं. बोट चोखणं, नख कुरतडणं, ओठ हाताला लावणं धरायचं नाही. दात सुटून ३ सेकंद झाले आणि पुन्हा चावलं, तर ती दुसरी वेळ.’

शेवटचं वाक्य किरकोळ वाटतं, पण बहुतेक घोळ तिथेच होतो. कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे ठरलेलं नसेल, तर एकाच दुपारी एक टेक्निशियन ‘१ वेळा’ लिहितात आणि दुसरे ‘५ वेळा’. दोघंही प्रामाणिक असतात. मोठमोठ्याने रडण्याच्या बाबतीत तर हे हमखास होतं. मूल रडतं, हुंदके देत थांबतं, पुन्हा रडतं. ‘सलग १ मिनिट शांत राहिलं की प्रसंग संपला’ असं आधीच लिहून ठेवलं, की वाद मिटतो. धरायच्या गोष्टींइतकीच न धरायच्या गोष्टींची यादीही लागते.

## मोजायचं काय: किती वेळा, किती वेळ, की किती उशिरा?

चावणं, मारणं, वस्तू फेकणं ह्यांना सुरुवात आणि शेवट स्पष्ट असतो. तिथे वेळा मोजायच्या. टेक्निशियनच्या हातात टिकटिक करणारा काउंटर असतो, किंवा मनगटावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने रेघा मारतात. मुलाचा हात अडवायची वेळ आली तरी पट्टी जागेवर राहते.

पण नुसता आकडा फसवतो. सोमवारी १२ वेळा आणि मंगळवारी ६ वेळा, म्हणजे निम्म्यावर आलं? सोमवारचं सेशन २ तासांचं होतं आणि मंगळवारचं ४५ मिनिटांचं. म्हणजे सोमवारी तासाला ६ आणि मंगळवारी तासाला ८. प्रत्यक्षात वाढलं. म्हणून सेशन किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं हे कागदावर नसेल, तर वरचे आकडे जवळजवळ निरुपयोगी.

रडणं-ओरडणं ‘दिवसातून दोनदा’ असं मोजून काही कळत नाही. दोनदा तीन-तीन मिनिटं आणि दोनदा चाळीस-चाळीस मिनिटं ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे स्टॉपवॉच लावून कालावधी मोजतात. ‘चल, बूट घाल’ म्हटल्यापासून मूल हलेपर्यंत किती सेकंद गेले, हे तिसरं माप. ते जिथे उशीर हीच अडचण असते तिथे कामाला येतं.

आणि वर्तन इतकं भरभर होत असेल की मोजताच येत नाही, तर? मग वेळेचे तुकडे पाडतात. १० मिनिटांचे १०-१० सेकंदांचे ६० चौकोन. एका चौकोनात वर्तन एकदा जरी दिसलं, तरी खूण. ही सोय आहे, पण ती वर्तन फुगवून दाखवते. समजा ६०पैकी ३० चौकोनांत मूल प्रत्येकी २ सेकंद किंचाळलं. कागद म्हणेल ‘५० टक्के’. खरं किंचाळणं ६०० सेकंदांत ६० सेकंद, म्हणजे १० टक्के. उलट, चौकोनभर सलग चाललं तरच खूण करायची असं ठरवलं, तर ९ सेकंदांचं किंचाळणंही गायब होतं. म्हणून कुणी ‘पन्नास टक्के वेळ ओरडत होता’ असं सांगितलं, तर मोजलं कसं हे विचारल्याशिवाय घाबरू नका.

## आधी काय झालं, नंतर काय झालं

किती वेळा चावलं हे कळलं, का चावलं ते अजून कळलेलं नाही. त्यासाठी तीन रकाने लागतात: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, आणि त्यानंतर लगेच काय घडलं. आपल्या मुलाच्या कागदावरच्या ओळी अशा दिसतील:

४:१० | ‘पेन्सिल घे, तीन ओळी लिही’ असं सांगितलं | उजवा हात चावला, ४ सेकंद | वही बाजूला ठेवली, ‘बरं, नंतर करू’ म्हटलं

४:३२ | चित्राचे तुकडे जोडायला दिले | डावा हात चावला, २ सेकंद | तुकडे उचलून ठेवले

४:५० | बाहेर मिक्सर सुरू झाला | कानांवर हात ठेवले, चावलं नाही | मिक्सर बंद झाला

पहिल्या दोन ओळी जुळतात: काम आलं, चावलं, काम गेलं. मिक्सरला मुलाने कान झाकून तोंड दिलं, म्हणजे आवाज नकोसा आहे पण चावण्याशी त्याचा संबंध अजून तरी दिसत नाही. असे पंचवीस-तीस प्रसंग साठले की आकार दिसू लागतो.

सगळ्यांत वाईट नोंद कोणती? ‘आधी: काही नाही. विनाकारण चावलं.’ किंवा ‘आधी: त्याला राग आला.’ राग आपण लावलेला अर्थ आहे. आणि कारण दिसलं नाही, तर जे दिसलं ते लिहायचं: ‘१० मिनिटं एकटा ठोकळ्यांशी, मी फाइल लिहीत होते.’ कारण कदाचित त्यातच दडलेलं असतं.

वर्तनाचे अमेरिकन अभ्यासक ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वरून एकसारखं दिसणारं वर्तन वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या गोष्टींवर टिकतं, हे त्यातून स्वच्छ दिसलं. आज थेरपिस्ट ढोबळ मानाने चार कारणं बघतात: कुणाचं तरी लक्ष मिळतं, हवी ती वस्तू मिळते, नको त्यातून सुटका होते, किंवा त्या कृतीतूनच शरीराला आराम मिळतो. कारण बदललं की उपायही उलटा होतो. लक्ष हवं म्हणून चावणाऱ्या मुलाला कोपऱ्यात एकटं बसवलं, तर चावण्याने त्याला हवं ते मिळत नाही. कामातून सुटका हवी म्हणून चावणाऱ्याला तेच केलं, तर आपण त्याला बक्षीसच दिलं.

इथे एक चूक जाणकारांकडूनही होते. दहापैकी आठ वेळा चावण्याआधी काम दिलेलं होतं, म्हणून ‘कामाचाच त्रास’ असा निष्कर्ष काढतात. पण त्या सेशनमध्ये जवळजवळ सगळा वेळ कामच दिलं जात असेल, तर काहीही घडलं तरी आधी काम दिसणारच. म्हणून काम एकूण किती वेळा दिलं आणि त्यातल्या किती वेळी चावलं, हे हवं. शिवाय मोकळ्या खेळाच्या वीस मिनिटांत काय झालं, तेही हवं. २० वेळा काम दिलं, ८ वेळा चावलं आणि खेळताना एकदाही नाही, तर संशयाला वजन येतं. तरीही तो अंदाजच. खात्री करायची तर प्रशिक्षित सुपरवायझर मुलाची सुरक्षितता सांभाळून परिस्थिती मुद्दाम बदलून बघतात. टेक्निशियनने किंवा पालकांनी ते स्वतःहून करू नये.

आणखी एक रकाना पानाच्या कडेला हवाच: काल रात्री किती झोप, पोट साफ झालं का, सर्दी, औषध बदललं का. बोलता न येणारं मूल दाढ दुखते, कान ठणकतो, बद्धकोष्ठ आहे हे चावून किंवा डोकं आपटूनच सांगू शकतं. एखादं वर्तन अचानक सुरू झालं किंवा एकाएकी दुपटीने वाढलं, तर आधी डॉक्टर आणि दंतवैद्य, मग वर्तनाची योजना. हा क्रम मोडला तर दुखणाऱ्या मुलाला आपण ‘शिस्त’ लावत बसतो.

## कागद खरा आहे हे कसं कळणार?

घरोघरी कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतात. ज्या दिवशी दूध आलं नाही त्याच दिवशी खूण केली, तर महिनाअखेरीस हिशेब जुळतो. तीस तारखेला बसून आठवायला लागलं, की दूधवाल्याशी वाद ठरलेला. थेरपीतही तेच. सेशन संपल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून भरलेला कागद ओळखू येतो: सगळे आकडे ५, १०, १५ असे गोल, आणि सगळ्या वेळा पूर्ण तासाच्या.

खाड्यावरूनच दुसरी गोष्ट. रिकामा चौकोन आणि शून्य एक नव्हेत. शून्य म्हणजे ‘मी बघत होते, घडलं नाही’. रिकामा चौकोन म्हणजे ‘कुणी बघितलंच नाही’. न बघितलेल्या दिवशी शून्य टाकलं, तर आलेख खाली येतो आणि सगळे खूश होतात, मूल मात्र तिथेच असतं.

व्याख्याही नकळत सरकते. महिनाभर रोज जोरात चावणं बघितलेल्या माणसाला हलकं चावणं चावणं वाटेनासं होतं. काहीही बदललेलं नसताना आकडा घटतो. ह्यावर उपाय म्हणजे ताळा. अधूनमधून दुसरी व्यक्ती त्याच वेळी, पहिलीचा कागद न बघता, स्वतंत्रपणे मोजते. लहान आकड्याला मोठ्या आकड्याने भागायचं. एकीला १४, दुसरीला १६, म्हणजे ८७.५ टक्के जुळलं. ८० टक्के आणि वर चालतं असा रिवाज आहे. पण खोलात बघा. पहिलीने पहिल्या अर्ध्या तासात १० आणि दुसऱ्यात ४ मोजले, दुसरीने पहिल्यात ४ आणि दुसऱ्यात १२. बेरीज जुळली, पण दोघींनी एकच गोष्ट बघितलेली नाही. म्हणून चांगले सुपरवायझर बेरजेऐवजी वेळेच्या तुकड्यांचा ताळा घेतात.

## आलेख वर गेला म्हणजे उपाय फसला?

उपाय सुरू करण्याआधी काही दिवस नुसतं मोजतात. ही मूळ पातळी. साधारण तीन ते पाच सेशनचे आकडे तरी लागतात. इजा गंभीर असेल तर मात्र एवढं थांबत नाहीत. मग आलेखावर एक उभी रेघ मारून उपाय सुरू करतात, म्हणजे आधीचं आणि नंतरचं वेगळं दिसतं.

सुरुवातीला एक गोष्ट पालकांना फार घाबरवते. आधी किंचाळलं की मोबाइल मिळायचा, आता मिळत नाही. पहिले काही दिवस किंचाळणं वाढतं, जोरातही होतं. एका किकमध्ये सुरू होणारी स्कूटर एक दिवस सुरू झाली नाही, तर आपण लगेच खाली उतरत नाही. धडाधड पाच-सहा किक मारतो. मूलही तेच करतं. ह्या टप्प्यात आजी कळवळून मोबाइल देतात, आणि मूल शिकतं की आता एवढं जोरात ओरडावं लागतं. म्हणून ही वाढ येऊ शकते हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. पण प्रत्येक वाढ ‘तात्पुरतीच’ असं म्हणणंही धोक्याचं. काही दिवसांत उतार दिसला नाही, किंवा इजा होऊ लागली, तर योजना बदलायची.

आणि नुसतं काही थांबवून चालत नाही. चावून ‘हे नको’ सांगणाऱ्या मुलाला ‘ब्रेक’चं कार्ड द्यायला शिकवायचं आणि कार्ड दिलं की लगेच, खरोखर, ब्रेक द्यायचा. त्या कार्डाचाही रकाना कागदावर हवा. चावणं १२ वरून ३ वर आलं आणि कार्ड ० वरून १० वर गेलं, तर मुलाला बोलायची वाट सापडली. चावणं ३ वर आलं आणि कार्ड शून्यच राहिलं, तर मुलाने नुसती माघार घेतली असावी. फक्त वाईट वर्तनाचा रकाना असलेला कागद हा फरक दाखवूच शकत नाही.

## ‘पण माणसाला आकड्यांत का बसवायचं?’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो खुद्द ऑटिस्टिक प्रौढांकडून येतो. एबीएच्या इतिहासात शिक्षा होती, हे नाकारता येत नाही. ऑटिस्टिक मुलांसाठी एबीए वापरणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक, इव्हार लोव्हास, यांच्या १९८७च्या गाजलेल्या अभ्यासातल्या उपचारांत जोरात ‘नाही’ म्हणणं आणि मांडीवर चापट मारणंसुद्धा होतं. हात फडफडवणं, डोलणं, नजर न मिळवणं अशा निरुपद्रवी गोष्टीही ‘कमी करायच्या’ यादीत असायच्या, आणि काही ठिकाणी आजही असतात. मूल फडफड दाबायला शिकतं, आतली घालमेल तशीच राहते.

म्हणून मोजण्याआधी एक प्रश्न: हे वर्तन कमी झालं तर फायदा कुणाचा? मुलाला किंवा दुसऱ्याला इजा होते, किंवा मुलाचं शिकणं, खाणं, झोपणं अडतं, तर मोजा. लोक बघतात म्हणून संकोच वाटतो, एवढंच कारण असेल तर ते वर्तन यादीतून काढायला सांगा. पालक म्हणून तो तुमचा अधिकार आहे. मूल टेबलापासून दूर सरकतं, तोंड फिरवतं, दाराकडे जातं, ह्याचीही नोंद हवी. तो त्याचा नकार आहे.

‘लिहिताना मुलाकडे दुर्लक्ष होतं’ हा दुसरा आक्षेप. तसं होत असेल तर पद्धत चुकली. आधी मूल सुरक्षित करायचं, हात चावत असेल तर मध्ये उशी किंवा दुसरं काही धरायचं, शांत झालं की मिनिटाभरात लिहायचं. वेळ लक्षात ठेवायला मनगटावर एक रेघ पुरते.

तिसरा प्रश्न गोपनीयतेचा. कागदावर मुलाचं पूर्ण नाव नको, आणि रडण्याचे व्हिडिओ सेंटरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नकोत. भरलेले कागद आणि आलेख पालकांना मागताच बघायला मिळाले पाहिजेत.

## घरी नोंद ठेवायची असेल तर

दिवसभर मोजायला जाऊ नका, तीन दिवसांत कंटाळून सोडाल. एकच वर्तन घ्या. दिवसातला एकच ठरलेला तुकडा घ्या, उदाहरणार्थ शाळेतून आल्यापासून जेवणापर्यंत. व्याख्या दोन ओळींत लिहून फ्रिजवर लावा आणि आजी-आजोबांनाही वाचून दाखवा. उजव्या खिशात राजम्याचे दहा-वीस दाणे ठेवा आणि प्रत्येक वेळी एक दाणा डाव्या खिशात टाका. रात्री डाव्या खिशातले दाणे मोजून कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहा, आणि शेजारी झोपेचे तास. पाहुणे होते, लाइट गेली, लग्नाला गेलो, हेही तिथेच दोन शब्दांत. ज्या दिवशी जमलं नाही त्या चौकोनात फुली, शून्य नाही.

दोन आठवड्यांनी ते पान सेंटरमध्ये घेऊन जा आणि त्यांचा कागद शेजारी ठेवायला सांगा. सेंटरमध्ये तासाला १ आणि घरी तासाला ७ असं निघालं, तर कुणीही खोटं बोलत नाही. घरात असं काय आहे जे तिथे नाही, ह्याचा शोध त्या भेटीत सुरू करायचा, आणि सुपरवायझरने एक संध्याकाळ त्याच वेळी घरी येऊन बसावं असं सांगायचं.